साध्या लोकेशन ॲपची रचना सुधारायची तर आधी पिनला खरं बोलायला लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एकट्याने एक छोटं ॲप बनवलंय. उघडलं की नकाशा, मधोमध लाल पिन, खाली अक्षांश-रेखांश आणि तीन बटणं: 'रिफ्रेश', 'जागा जतन करा', 'शेअर करा'. आत दर सेकंदाला नवं लोकेशन मागवलं जातं. तक्रारी चार आहेत: सुरुवातीला नुसतं चक्र फिरत राहतं, पिन भलतीकडेच दिसते, मध्येच उड्या मारते, आणि बॅटरी भराभर उतरते. यावर खाली टॅबची पट्टी, डार्क थीम आणि नवी रंगसंगती दिली तर ॲप 'प्रोफेशनल' होईल का, असं तुम्ही विचारलंय.

यातली एकही तक्रार रंग बदलून जाणार नाही. चौघींचं मूळ जवळपास एकच आहे. फोन तुम्हाला 'वापरणारा इथे आहे' असं कधीच सांगत नाही. त्याचं उत्तर असं असतं: 'अमुक वेळी तो बहुधा या बिंदूभोवती इतक्या मीटरच्या आत होता.' तुमचं ॲप यातला बिंदू तेवढा उचलतं. किती मीटर आणि किती वाजता हे दोन्ही टाकून देतं. मग पाच मीटरच्या खात्रीचं उत्तर आणि दीड किलोमीटरच्या अंदाजाचं उत्तर स्क्रीनवर अगदी सारखं दिसतं. लोकांना ॲप खोटं बोलतंय असं वाटतं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून जागा, खात्री आणि ताजेपणा या तीन गोष्टी एका नजरेत कळतील अशी स्क्रीन करणं, हे पहिलं काम. टॅब आणि थीम नंतर बघू.

खात्रीपासून सुरुवात करू. अँड्रॉइडवर प्रत्येक लोकेशनसोबत 'ॲक्युरसी' नावाचा आकडा मीटरमध्ये येतो. त्याचा अर्थ असा की त्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर खरी जागा त्यात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे ढोबळमानाने तीनातल्या एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेरच असतो! आयफोनवरही असाच आकडा मिळतो, आणि तो ऋण आला तर ते अक्षांश-रेखांश मुळात वैधच नाहीत असं समजायचं. हा ऋण आकडा न तपासणारी बरीच ॲप्स मी पाहिली आहेत. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन उपग्रहांवरून साधारण ५ मीटरपर्यंत जागा सांगतो. घरात, वायफायवरून अंदाज बांधला जातो तेव्हा चूक मीटरच्या दोन अंकी आकड्यात असते, आणि नुसत्या मोबाइल टॉवरवर भिस्त असेल तर शेकडो मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाते. तुमची पिन या तिन्ही वेळी तितक्याच ठामपणे टोक रोवून उभी असते.

तेव्हा वापरणाऱ्याच्या सध्याच्या जागेसाठी पिन काढून टाका. तिथे गोल ठिपका आणि त्याभोवती फिकट वर्तुळ असू द्या. पिन राखून ठेवायची ती माणसाने स्वतः निवडलेल्या किंवा जतन केलेल्या जागेसाठी. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण ठिपका म्हणजे 'फोनचा अंदाज' आणि पिन म्हणजे 'मी ठरवलेली जागा' एवढं वापरणाऱ्याच्या मनात कुणी न सांगता बसतं. पुढे जतन आणि शेअर यांच्या रचनेत याचा फार उपयोग होतो.

वर्तुळाच्या बाबतीत एक अडचण सहसा सुटून जाते. समजा खात्री १,५०० मीटर आहे आणि तुमचा नकाशा नेहमीप्रमाणे झूम १७ वर उघडला. स्क्रीनवरच्या २५६ बिंदूंची टाइल (नकाशाचा चौकोनी तुकडा) धरली तर विषुववृत्तावर या झूमला एका बिंदूत साधारण १.२ मीटर मावतात. म्हणजे ३६० बिंदू रुंदीच्या स्क्रीनवर जेमतेम ४३० मीटरचा भाग दिसतो. तीन किलोमीटर व्यासाचं वर्तुळ तिथे मावणार कसं? त्याची कडाच स्क्रीनबाहेर जाते, सगळा नकाशा किंचित निळसर होतो आणि डोळ्यांना पुन्हा फक्त ठिपका दिसतो. वर्तुळ काढूनही फसवणूक तशीच राहिली. उपाय सोपा आहे: झूम पक्का ठेवू नका, तो वर्तुळावरून ठरवा. वर्तुळाचा व्यास स्क्रीनच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत राहील असा झूम घ्या आणि १७ ही वरची मर्यादा धरा. वरच्या उदाहरणात तो १३ येतो. प्रत्येक पायरीला अंतर दुप्पट किंवा निम्मं होतं, त्यामुळे गणित एका ओळीचं आहे. फक्त विषुववृत्तापासून दूर गेल्यावर अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला विसरू नका.

खालच्या आकड्यांचंही तेच. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दशांशाचं चौथं स्थळ ११ मीटरचं, पाचवं १.१ मीटरचं आणि सहावं ११ सेंटिमीटरचं. तुम्ही दाखवता सात स्थळं, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. कुठलाही साधा फोन इतकं अचूक सांगू शकत नाही. पाच स्थळं पुरेत. खरं विचारलंत तर मी हे आकडे पहिल्या स्क्रीनवरून काढून एका टॅपमागे ठेवीन. ते ज्यांना लागतात त्यांना ते शोधायचं ठाऊक असतं; बाकीच्यांना तिथे 'अंदाजे २० मीटरपर्यंत, आत्ताचं' ही एक ओळ जास्त कामाची. ही ओळ तुमच्या नव्या रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर समजा. तिला ठळक जागा द्या.

आता ताजेपणा. अँड्रॉइडमध्ये शेवटचं ज्ञात लोकेशन लगेच मिळतं, आणि तुम्ही ते सरळ दाखवताय असं वर्णनावरून दिसतं. 'पिन भलतीकडेच दिसते' या तक्रारीतला मोठा वाटा बहुधा याचाच. ते लोकेशन तीन तासांपूर्वीचं, दुसऱ्याच भागातलं असू शकतं. फोन नुकताच चालू केला असेल तर ते रिकामंही येऊ शकतं. ते दाखवायला हरकत नाही, उलट दाखवावंच, पण ठिपका राखाडी हवा आणि ओळीत '३ तासांपूर्वीची जागा, नवी शोधत आहे' असं हवं. वय मोजताना फोनच्या घड्याळात दिसणारी वेळ वापरू नका, ती वापरणारा बदलू शकतो किंवा नेटवर्कवरून बदलते. फोन सुरू झाल्यापासून मोजला जाणारा काळ प्रत्येक लोकेशनसोबत मिळतो, तो घ्या. आणि 'जुनं' कधी म्हणायचं हे वेगावर ठरू द्या. चालणारा माणूस मिनिटात ८० मीटर सरकतो, ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी मिनिटात एक किलोमीटर. दोन मिनिटांचं लोकेशन पहिल्याला चालून जाईल, दुसऱ्याला ते निरुपयोगी आहे.

इथून चक्राकडे येऊ. आधी वेळ का लागतो ते समजून घ्या, कारण रचना त्यावरच उभी करायची आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि पारंपरिक सिग्नलमधून त्यांची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येते. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन एरवी ही माहिती इंटरनेटवरून आधीच मिळवतो, म्हणून काही सेकंदांत काम होतं. नेटवर्क नसेल आणि फोन बराच वेळ झोपलेला असेल तर अर्धा मिनिट किंवा जास्त लागणं अगदी स्वाभाविक आहे. छताखाली तर कितीही वेळ थांबलात तरी हाती काही लागेलच असं नाही.

म्हणजे वाट पाहणं टळणार नाही. ते वाट पाहणं मुकं असू नये, एवढं आपल्या हातात आहे. ॲप उघडताच जुनी जागा राखाडी ठिपक्यात दाखवा. वायफाय किंवा टॉवरवरून ढोबळ जागा आली की मोठं वर्तुळ दाखवा, आणि उपग्रहांवरून सुधारणा होत जाईल तसं वर्तुळ आवळत जाऊ द्या. हे आवळणारं वर्तुळ हाच तुमचा प्रगतिदर्शक. टक्क्यांची पट्टी लावू नका, कारण किती काम उरलंय ते फोनलाही ठाऊक नसतं. पंधरा-वीस सेकंदांनंतरही सुधारणा नसेल तर ओळ बदला: 'छताखाली असाल तर खिडकीजवळ किंवा उघड्यावर जाऊन पाहा.' अर्ध्या-पाऊण मिनिटाने शोध थांबवा, मिळालं तेवढं दाखवा आणि 'पुन्हा शोधा' द्या. 'रिफ्रेश' हे बटण मग कायम दिसायची गरज उरत नाही.

उड्यांचं कारण दुहेरी आहे. एक, फोन आतल्या आत स्रोत बदलतो: आत्ता वायफाय, मग उपग्रह, पुन्हा वायफाय. दोन, उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि अंतराचं गणित चुकतं. यावर पुष्कळ जण शेवटच्या पाच-दहा बिंदूंची सरासरी काढतात. माणूस उभा असेल तर ती चालते, पण चालू लागला की ठिपका त्याच्या मागे रेंगाळतो आणि वळणावर तर इमारतीतून आरपार जातो. त्यापेक्षा नवं लोकेशन स्वीकारायचं की नाही हा निर्णय नीट घ्या. नव्याची खात्री जास्त असेल, म्हणजे मीटरचा आकडा लहान असेल, तर स्वीकारा. खात्री कमी आहे, पण दोन्ही वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि जुनं अजून ताजं आहे, तर नव्याकडे दुर्लक्ष करा. त्याने नवीन काही सांगितलेलंच नाही. वर्तुळं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, तर दोन बिंदूंमधलं अंतर आणि वेळ यांवरून वेग काढा. तो अशक्य निघाला तर पुढच्या एका लोकेशनची वाट पाहा, आणि तेही त्याच बाजूचं असेल तर मान्य करा. काल्मन फिल्टर (आधीच्या हालचालीवरून जागा ताडून तिचा नव्या मापाशी मेळ घालणारी गणिती पद्धत) याहून नेटकं काम करतो, पण तुमच्या आकाराच्या ॲपला त्याची सक्ती नाही. एवढे चार नियम नीट लिहिले तरी बहुतेक उड्या थांबतात.

स्वीकारल्यावर ठिपका हलवताना थोडं ॲनिमेशन ठेवा, अर्ध्या सेकंदाचं. मात्र मोठी दुरुस्ती असेल, समजा ८०० मीटरची, तर तो नकाशावरून घसरत नेऊ नका. पाहणाऱ्याला माणूस तिथून प्रवास करत गेला असं वाटतं. जुना ठिपका विरू द्या, नवा उगवू द्या.

याच्याच शेजारची एक खोड, जी तक्रारींमध्ये आलेली नसली तरी तुमच्या ॲपमध्ये नक्की असणार: माणूस नकाशा बोटाने सरकवून पलीकडचा रस्ता बघत असतो आणि पुढच्याच सेकंदाला नकाशा झटकन परत त्याच्या जागेवर येतो. नकाशाच्या ॲपमध्ये याइतकं चीड आणणारं दुसरं काही नसेल. बोट लागलं की पाठलाग बंद, आणि कोपऱ्यात 'माझ्या जागी' हे बटण. ते दाबलं की पाठलाग पुन्हा सुरू. दोन अवस्था, दोन वेगळी चिन्हं, बस.

दिशेचा बाण लावायचा मोह होईल. लोकेशनसोबत येणारी दिशा म्हणजे माणूस ज्या दिशेला सरकतोय ती, आणि तो सरकत असेल तरच तिला अर्थ असतो. उभ्या माणसासाठी चुंबकीय होकायंत्र वापरावं लागतं आणि ते गाडीत, लोखंडाजवळ किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये बिनदिक्कत चुकतं. खात्री नसेल तेव्हा बाण दाखवूच नका.

परवानगीच्या संवादाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बरीच ॲप्स इथेच माणसं गमावतात. तुमचं ॲप उघडल्या उघडल्या सिस्टीमची चौकट पुढे करतं. माणसाने अजून ॲप पाहिलेलंही नाही. अशा वेळी 'नाही' म्हणणं हेच शहाणपणाचं आहे. आणि अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला की ती चौकट पुन्हा उघडतच नाही, माणसाला सेटिंग्जमध्ये जाऊनच बदल करावा लागतो. म्हणजे तुमच्याकडे विचारायच्या संधी दोनच आहेत. त्या जपून वापरा. ॲप परवानगीशिवाय उघडू द्या: नकाशा दिसावा, बोटाने जागा निवडता यावी, ती जतन आणि शेअर करता यावी. 'माझी जागा दाखवा' हे बटण माणसाने स्वतः दाबलं की मगच चौकट आणा. तेव्हा ती का आली हे सांगावंही लागत नाही.

गेल्या काही वर्षांत या परवानगीचे तुकडेही झाले आहेत. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने 'ॲप वापरात असतानाच' आणि 'नेहमी' हे वेगळं केलं. त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस १३ मध्ये 'एकदाच' हा पर्याय आला, अँड्रॉइडमध्ये तो २०२० ला ११ व्या आवृत्तीत आला. त्याच वर्षी आयओएस १४ ने आणि २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने 'नेमकी जागा' की 'अंदाजे जागा' हे ठरवायचा हक्क वापरणाऱ्याला दिला. अँड्रॉइडची अंदाजे जागा सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या हिशेबाने मिळते. तुमच्या रचनेत या सगळ्याला एकच 'लोकेशन उपलब्ध नाही' असा लाल मजकूर आहे. प्रत्यक्षात या तीन निराळ्या अवस्था आहेत. परवानगीच नाही: तिथे 'परवानगी द्या' हे बटण. फक्त अंदाजे जागेची परवानगी: ॲप चालू ठेवा, मोठं वर्तुळ दाखवा आणि ओळीत 'अंदाजे जागा, नेमकी हवी असल्यास इथे दाबा' एवढंच म्हणा, मागे लागू नका. परवानगी आहे पण फोनचं लोकेशनच बंद: तिथे ते चालू करायची सिस्टीमची चौकट. आणि माणूस सेटिंग्जमधून परत आला की अवस्था पुन्हा तपासा. परवानगी देऊन आल्यावरही जुनाच लाल मजकूर दिसला तर तो ॲप काढूनच टाकेल.

'नेहमी' ही परवानगी तुम्ही मागता असं लिहिलंय. ती काढून टाका. तुमच्या तिन्ही बटणांपैकी एकालाही ती लागत नाही, प्ले स्टोअरवर तिच्यासाठी वेगळं कारण पटवून द्यावं लागतं, आणि माणसाच्या मनात ती शंका पेरते.

बॅटरीचा प्रश्न इथेच अर्धा सुटतो. ॲप स्क्रीनवर नसेल तेव्हा लोकेशन मागवणं पूर्ण बंद. एरवीही अँड्रॉइड ८ पासून मागे पडलेल्या ॲपला तासाला मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं, त्यामुळे मागवत राहून हाती फारसं येत नाही. ॲप समोर असताना सुरुवातीला दर सेकंदाला मागवायला हरकत नाही. पण खात्री १०-१५ मीटरवर आली आणि माणूस हलत नसेल तर गती कमी करा, दहा-वीस सेकंदांना एक. 'किमान इतके मीटर हलल्याशिवाय कळवू नकोस' अशीही अट घालता येते. अँड्रॉइडवर फ्यूज्ड लोकेशन प्रोव्हायडर (उपग्रह, वायफाय आणि टॉवर यांची उत्तरं एकत्र करून देणारी गूगलची सेवा) वापरत असाल तर जतन केलेल्यांपैकी जवळच्या जागांची नुसती यादी दाखवायला मधल्या दर्जाची प्राथमिकता पुरते. उपग्रह कायम जागे ठेवायचं कारण नाही.

जतन करण्याच्या बटणाला सध्या फक्त 'चालू' आणि 'बंद' एवढंच कळतं. खात्री ८०० मीटर असताना ते दाबलं तर काय व्हावं? बटण मुकाट्याने निष्क्रिय करणं वाईट, आणि निमूटपणे ८०० मीटर चुकीची जागा जतन करणं त्याहून वाईट. छोटी पट्टी येऊ द्या: 'अजून ८०० मीटरपर्यंत फरक असू शकतो. थोडं थांबायचं की पिन हाताने सरकवायची?' दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. आपण कुठे उभे आहोत हे माणसाला उपग्रहापेक्षा पुष्कळदा चांगलं ठाऊक असतं. त्याने पिन सरकवली की ती खरी माना, पण फोनने दिलेली मूळ जागा, खात्री आणि वेळ आत साठवून ठेवा.

जतन केलेल्या यादीत नाव आधी हवं, आकडे नकोत. पत्ता सुचवायचा तर सुचवा, पण जपून: ५० मीटरच्या वर्तुळावरून घर क्रमांक दाखवणं म्हणजे पुन्हा तीच थाप. रस्त्याच्या किंवा भागाच्या नावावर थांबा. पत्त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपची (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची) नॉमिनाटिम ही मोफत सेवा वापरत असाल तर तिची मर्यादा सेकंदाला एक विनंती अशी आहे, तेव्हा ठिपका हलला की पत्ता विचार असं करू नका. जतन करतानाच एकदा विचारा आणि उत्तर साठवा. अंतर दाखवताना ते हवाई अंतर असेल तर 'सरळ रेषेत' असं लिहा, आणि ३४७ मीटरचं ३५० करा.

शेअर करताना तुम्ही नकाशाचा दुवा तेवढा पाठवता. समोरच्याला तो तासाभराने दिसतो, तोवर पाठवणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. संदेशात वेळ आणि खात्री शब्दांत घाला: 'मी या जागेजवळ आहे (अंदाजे २० मीटर), दुपारी ४:१०.' गंमत म्हणजे २०१० मध्ये ठरलेल्या 'जिओ' (geo:) दुव्याच्या, म्हणजे थेट अक्षांश-रेखांश लिहिलेल्या दुव्याच्या, मानकात अनिश्चितता मीटरमध्ये लिहिण्याची सोय पहिल्यापासून आहे. बहुतेक ॲप्स तिकडे ढुंकून पाहत नाहीत, पण लिहायला काही पडत नाही. दुवा बनवताना आणखी एक सापळा आहे. संख्येचं अक्षरांत रूपांतर फोनच्या भाषेनुसार होऊ दिलं तर काही युरोपीय भाषांत दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो, आणि मराठी किंवा अरबी भाषा लावलेल्या फोनवर अंकच त्या लिपीतले येऊ शकतात. दुवा तुटतो, आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर ते कधीच दिसत नाही. स्क्रीनवर दाखवायचे आकडे वापरणाऱ्याच्या भाषेत, दुव्यातले मात्र नेहमी ठरावीक, भाषानिरपेक्ष रूपात ठेवा. क्रमही तपासा: नकाशाची माहिती साठवायच्या जिओजेसन या स्वरूपात रेखांश आधी येतो, जिओ दुव्यात अक्षांश आधी.

पुढे कधी 'चालू जागा सतत शेअर करा' असं काही आणलंत तर ते कधी थांबेल ती वेळ निवडल्याशिवाय सुरूच होऊ देऊ नका. जतन केलेल्या जागा फोनमध्येच राहू द्या. सर्व्हर नसेल तर गळतीही नाही. नावं काढून टाकली की विदा (डेटा) निनावी होते हा समज २०१३ च्या एका अभ्यासाने मोडीत काढला. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदींमध्ये, प्रत्येकाचे वेळ-ठिकाणाचे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या नकाशातून लष्करी तळांच्या आतल्या वाटा उघड्या पडल्या, त्याही वैयक्तिक नावं नसलेल्या एकत्रित विदेतून.

आता तुम्ही विचारलेल्या दिसण्याबद्दल. टॅबची पट्टी नको. एक नकाशा आणि एक यादी एवढंच आहे, यादी खालून वर ओढता येणाऱ्या फलकात बसते. फक्त तो फलक नकाशाचं श्रेय दाखवणारा मजकूर झाकणार नाही हे बघा, ओपनस्ट्रीटमॅपसाठी तो दिसणं बंधनकारक आहे. हे ॲप उन्हात, चालताना, एका हाताने वापरलं जातं. तेव्हा बटणं खाली, अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयफोनवर ४४ पॉइंटची (ही दोन्ही स्क्रीनवरच्या आकाराची मापं), आणि मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोधाभास ४.५ ला १ पेक्षा कमी नको. ताजं आणि जुनं हा फरक नुसत्या रंगावर सोडू नका. जुन्या ठिपक्याला पोकळ कडा द्या. डोळ्यांनी न पाहता फोन ऐकून वापरणाऱ्यांना नकाशा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ती 'अंदाजे २० मीटरपर्यंत, आत्ताचं' ही ओळ म्हणजेच संपूर्ण ॲप. डार्क थीम करायची तर नकाशाच्या टाइल्ससकट करा. काळ्या चौकटीत पांढराशुभ्र नकाशा रात्री डोळ्यांत घुसतो.

इंटरनेट नसताना टाइल्स येत नाहीत आणि नुसता राखाडी पडदा उरतो. पण उपग्रहांकडून जागा मिळायला इंटरनेट लागत नाही, हे वापरणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नसतं. त्या पडद्यावरही ठिपका, वर्तुळ, मोजपट्टी आणि जतन केलेल्या पिना दिसू द्या. तेवढ्यावर माणूस वाट काढू शकतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या सार्वजनिक सर्व्हरवरून टाइल्स घाऊक उतरवून ठेवायला मात्र मनाई आहे, त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागेल.

तपासणी एम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनवर) करू नका, तिथे लोकेशन नेहमी तत्काळ आणि नेमकं मिळतं. ॲपमध्ये एक लपलेली पट्टी ठेवा जी स्रोत, खात्री आणि वय सतत दाखवेल. फोन घेऊन जिन्यात, तळघरात, उंच इमारतींच्या मधून चाला आणि आलेलं प्रत्येक लोकेशन जसंच्या तसं फाइलमध्ये नोंदवा. मग तीच फाइल टेबलावर बसून ॲपला पुन्हा पुन्हा खिलवा आणि वरचे स्वीकाराचे नियम त्यावर घासून बघा. परवानगीच्या तिन्ही अवस्था, विमान मोड आणि नुकताच चालू केलेला फोन, एवढं प्रत्येक आवृत्तीआधी हाताने तपासा. आणि ॲप कधीच न पाहिलेल्या दोघा-तिघांना स्क्रीन दाखवून विचारा, 'तुम्ही या नकाशावर नक्की कुठे आहात?' जो माणूस ठिपक्यावर बोट न ठेवता वर्तुळावरून बोट फिरवून 'इथे कुठेतरी' म्हणेल, त्याला तुमची रचना कळली.